गॅलरीच्या पोटातले चोवीस बेडूक

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मुलाच्या दुकानातून आली. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचं चष्म्याचं दुकान आहे, काचा विकणाऱ्या कंपनीनं त्याला दिली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक मोठा डोळा छापलाय. मी लिहिते आणि तो बघतो. मुलगा म्हणाला, "आई, दिवसभर बोलतेस ते यात लिही, तेवढाच घराला आराम." घ्या! मी दुसरीपर्यंतच शिकले. तिसरीत नाव घातलं होतं, पण धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवली. तो भाऊ पुढं मास्तर झाला आणि माझ्या पत्रांतल्या चुका काढायला लागला. असो. इथं कोण चुका काढणार? डोळा? काढू दे.

आज चौकात फार मजा झाली. आमच्या चौकात दोन न्हावी समोरासमोर. एकाच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक कशावरून तरी रागावलं, तसंच फेसासकट उठलं, रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे गेलं आणि उरलेली अर्धी तिथं करून घेतली. मग दोन्ही न्हावी रस्त्याच्या मधोमध. पूर्ण दाढी कुणाची, यावर वाद. मला शेवट दिसेना, मधे खांब येत होता. म्हणून मी खिडकीतून जरा वाकले. मग आणखी जरा. मग पाय जमिनीला लागत नाहीत असं लक्षात आलं.

तेवढ्यात नात धावत आली आणि मागून माझी कंबर घट्ट धरली. तिला मी भिंगरी म्हणते, लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरत नाही. तिनं धरल्यावर मग मी आणखी वाकले, कारण आता भीती नव्हती. शेवट मात्र काही नाही, दोघांनी अर्धं-अर्धं श्रेय वाटून घेतलं.

सूनबाईनं मागं किंकाळी फोडली होती म्हणे. मी ऐकली नाही. रात्री जेवताना सगळे गप्प होते. कुणाचं पोट बिघडलं असेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

राग आलाय म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. माझी खिडकी फोडणार!

माझ्या खोलीची चौकाकडची भिंत काढून बाहेर गॅलरी काढायची ठरली. मला विचारलं नाही, सांगितलं. म्हटलं, "कशाला?" मुलगा छताकडे बघत म्हणाला, "कपडे वाळत घालायला." अरे, वर एवढी गच्ची आहे, तिथं हत्ती धुऊन वाळत घालता येईल! मी सूनबाईकडे बघितलं. ती खाली बघायला लागली. आणि तिच्या मागं ती उभी होती, ती सायकल.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सूनबाईनं गेल्या वर्षी जागच्या जागी चालवायची सायकल घेतली. पाय मारत राहायचं आणि कुठंच जायचं नाही. आठ दिवस चालवली, मग तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. तिला सारखं म्हणताना ऐकलंय, "मोकळी हवा असती तर चालवली असती." म्हणजे कुठंही न जाणाऱ्या सायकलीला बाहेर काढायला माझी भिंत पाडायची!

गुडघ्यांमुळे दोन वर्षं मी जिना उतरलेली नाही, सतरा पायऱ्या आहेत, नवव्या पायरीवर एकदा आपटले तेव्हापासून. मला ती खिडकी म्हणजे बाजारहाट, नातेवाईक, वर्तमानपत्र, सगळं. पण म्हाताऱ्या माणसानं किती बोलायचं? (डोळा माझ्याकडे असा बघतोय जणू म्हणतो, पुष्कळ बोलायचं.) खरं सांगते, मनात आलं, ही गॅलरी होऊच नये.

९ फेब्रुवारी, सोमवार

राग गेला. काकडीनं घालवला.

झालं असं, की गॅलरीचं काम भिंगरीच करणार आहे! ती इंजिनिअर झाली त्याला सात महिने झाले. इमारती उभ्या कशा राहतात, तेवढंच ती शिकली. तिच्या ऑफिसचे साहेब म्हणाले, घरचं काम तू एकटीनं सांभाळ, मी कागद तपासीन आणि काँक्रीट ओतायच्या दिवशी येऊन बघीन. नीट झालं तर पुढचं मोठं काम तुझं. आणि मुलगा काय म्हणाला? "नीट नाही झालं तर दुकानात बस. चष्मे विकायला सळया लागत नाहीत." तिचा चेहरा एवढासा झाला. म्हणजे आता गॅलरी सायकलीची राहिली नाही, माझ्या नातीची झाली. सायकल गेली खड्ड्यात.

मी तिला म्हटलं, मला शिकव. ती बसली की माझ्यासमोर! म्हणाली, "आजी, तू खाटेवर बसलीस. तुझं ओझं खाटेवर. खाटेचं स्लॅबवर. स्लॅबचं बीमवर, बीमचं खांबावर, खांबाचं पायावर, पायाचं जमिनीवर. ओझं नाहीसं कधी होत नाही, खालच्याच्या डोक्यावर जातं." मी म्हटलं, हे शिकायला चार वर्षं कॉलेजात कशाला? सासरी पहिल्याच दिवशी कळतं.

मग तिनं दोन पेल्यांवर एक काकडी आडवी ठेवली आणि मधे दाबली. काकडी खालच्या अंगानं फाटली. "बघ, खाली ताण आला. वरची बाजू दाबली गेली, ती शाबूत." मग दुसरी काकडी घेतली, एक टोक टेबलावर मला घट्ट धरायला लावलं, दुसरं बाहेर अधांतरी. त्या टोकावर दाबलं. कट! ही वरच्या अंगानं फाटली! मी टाळ्याच वाजवल्या, त्यामुळे टेबलावरचा तुकडा पडला.

"गॅलरी अशी एकाच बाजूनं धरलेली असते," भिंगरी म्हणाली. "काँक्रीट दाबाला पक्कं, ताणाला कच्चं. म्हणून लोखंडाची सळई घालायची, ताण येईल तिथं. दोन्हीकडून टेकलेल्या स्लॅबला खाली. गॅलरीला वर."

"म्हणजे जिथं फाटतं तिथं ठिगळ," मी म्हटलं.

"आजी, आमच्या सरांना हे एवढ्या सोप्यात कधी सांगता आलं नाही."

मला तर वाटतं माझा मुलगा काँक्रीटचाच. वरून कितीही दाबा, हूं की चूं नाही. पण आई एकीकडून आणि बायको दुसरीकडून ओढायला लागली की लगेच तडा.

आणखी एक सांगितलं. बाहेर चार फूट गॅलरी काढायची तर सळया आत सहा फूट घ्यायच्या, माझ्या खोलीच्या जमिनीत. का? "त्या दिवशी तू खिडकीतून लोंबत होतीस आणि मी मागून धरलं होतं ना? तू गॅलरी, मी आतली सळई." तेव्हा सूनबाईला का कोण जाणे, ठसका लागला.

दोन्ही काकड्या मीठ लावून खाल्ल्या. मग भिंगरीनं वजनकाटा आणला, माझं वजन केलं. बावन्न. मग माझ्या वेताच्या खुर्चीचं केलं. हात बसावा म्हणून सवय करत असेल. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि ओच्यात दोन पेरू होते, ते सांगायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्री आले. साठीचे आहेत, चाळीस वर्षं हेच काम, मिशीत सिमेंट. भिंगरीला "बाळ" म्हणतात आणि मला "काकू". मला हॉलमध्ये हलवलंय, माझ्या खोलीत धूळच धूळ. खिडकी निघाली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग न राहवून बघितलं. एवढं मोठं भोक! त्यातून दोन्ही न्हावी, बसथांबा आणि शिंप्याच्या दुकानातली आतली खुंटीसुद्धा दिसली. सायकल नशीबवान आहे.

सूनबाईचं मात्र मला कळत नाही. आज मला भोकाजवळ खुर्चीवर बसवलं आणि पेन्सिलीनं भिंतीवर खूण केली. "अहो आई, बसल्यावर तुमची नजर इथवरच येते ना? कठडा याच्या आड यायला नको." मी म्हटलं, सायकलीची सीट माझ्यापेक्षा उंच आहे गं. ती म्हणाली, "हो का?" आणि हसत आत गेली. स्वतःच्या सायकलीची उंची हिला माहीत नाही, म्हणून माझ्यावर माप घेते. चालवली असती तर माहीत असती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज सळयांची जाळी. खाली बांबूंचे टेकू, त्यावर फळ्या, त्यावर जाळी. भिंगरी आणि मिस्त्री यांची जुंपली.

भिंगरीचं म्हणणं, जाळी फळीपासून वर उचललेली राहिली पाहिजे, कारण ठिगळ वर हवं. त्यासाठी तिनं सळईचे छोटे तुकडे वाकवून घेतलेत, चार पाय पसरून बसलेले. त्यांना चेअर म्हणतात, पण मला ते हुबेहूब बेडूक दिसतात. जाळीच्या खाली ठरल्या अंतरावर एकेक बेडूक बसवायचा, तो जाळी डोक्यावर घेऊन बसतो. एकूण चोवीस.

"अगं बाळ, एवढे कशाला?" मिस्त्री म्हणाले. "ओतताना माणूस पाय देणारच, जाळी दबणारच. आम्ही लोखंडी आकड्यानं वर उचलून घेतो. चाळीस वर्षं घेतोय."

"आणि एखाद्या वेळी उचलायची राहिली तर?"

"राहिली नाही अजून."

"तुम्हाला कसं कळणार काका? ती काँक्रीटच्या आत असते."

मिस्त्री मिशीतलं सिमेंट झाडत राहिले. पोरगी बोलते ते खोटं नाही आणि कबूल करवत नाही, असा चेहरा. मी ओळखते, आमच्या घरात सगळ्यांचा असतो. शेवटी म्हणाले, "तुझी गॅलरी, तुझे बेडूक." म्हणजे माझा शब्द साइटवर चालू झाला!

मी सगळ्यांना चहा केला. ते चोवीस बेडूक स्वयंपाकघराच्या दाराशी ढिगात पडलेत. काय सुबक वस्तू आहे! लोखंडाची, दणकट, चारी पायांवर कशी ठाम बसते. आमच्याकडे गरम भांडं खाली ठेवायला धड काही नाही, सूनबाई मासिकं ठेवते, त्यांना गोल डाग पडतात. एक उचलून दुधाच्या पातेल्याखाली ठेवला. झक्कास!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या ओतायचं. भिंगरी आज दिवसभर ऑफिसच्या दुसऱ्या कामावर होती, मिस्त्रींनी उरलेली जाळी बांधून टाकली.

शेजारीण आली होती. तिला आम्ही बातमीपत्र म्हणतो, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा निघते. तिला बेडूक इतका आवडला की दोन दिले. ढिगात होते पुष्कळ. इस्त्रीखाली एक ठेवला, कुंडीखाली एक, आणि एकात मुलाचा फोन असा उभा राहतो म्हणून सांगू! आडवा ठेवला तरी राहतो. लोखंडात काम करणाऱ्या माणसांनी हे बाजारात का आणलं नाही अजून?

२१ फेब्रुवारी, शनिवार

बसून लिहिते आहे कारण उभं राहवत नाही. आज काय झालं ते पहिल्यापासून सांगते.

सकाळी नऊला भिंगरीचे साहेब आले. उंच, शांत, डोळ्यांवर जाड चष्मा. मुलगा लगेच म्हणाला, "नंबर वाढलाय तुमचा, फ्रेमही वाकडी आहे." धंदा सुटत नाही. खाली मिक्सर तयार, वाळू-खडी तयार, माणसं तयार. मी साहेबांना किटलीतून चहा दिला. चहा घेऊन ते माझ्या खोलीतून पुढं गेले, वाकले आणि एका सळईवर नुसता बुटाचा पुढचा भाग ठेवला.

जाळी खाली गेली. अलगद, गादीसारखी.

साहेबांनी दुसरीकडे पाय ठेवला. तिथंही गेली. मग त्यांनी बेडूक मोजले. मग भिंगरीनं मोजले. सतरा.

"चोवीस लिहिलेत तुम्ही," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "काल संध्याकाळी तपासलं नाही?"

भिंगरी म्हणाली, "नाही सर. चूक झाली." दुसऱ्या कामावर होते, हे सांगितलंसुद्धा नाही.

"ढिगात होते तेवढे बसवले," मिस्त्री म्हणाले. "अंतर जरा वाढवून घेतलं."

"पण मी मोजून चोवीस ठेवले होते, काका!"

"म्हणजे माझ्या माणसांनी खाल्ले?" मिस्त्री भडकले. "चाळीस वर्षांत माझ्या माणसानं कुणाचा खिळा उचलला नाही. संशय असेल तर हा चाललो." त्यांनी थापी उचलली, पुसली आणि पिशवीत घातली. थापी पिशवीत गेली म्हणजे फार झालं, असं त्यांच्या माणसांच्या तोंडावरून कळलं.

मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "तरी मी सांगत होतो. दुकानात बसली असती तर..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं, सूनबाईनं बघितलं ना त्याच्याकडे.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "अर्धा तास थांबतो. जाळी नीट होत नसेल तर आज काँक्रीट नाही. आणि हे काम मग मी दुसऱ्या कुणाला देईन." पेला पुढं करत मला म्हणाले, "आजी, आणखी अर्धा कप मिळेल?"

सगळ्यांनी शोधायला सुरुवात केली. मीसुद्धा. वाळू उपसली, पोती झटकली, माझ्या खाटेखाली बघितलं. मी तर तावातावानं म्हणालेसुद्धा, "जाईल कुठं? लोखंडाला काय पाय फुटलेत?" आणि म्हणता म्हणता साहेबांच्या चहासाठी किटली उचलली.

किटलीखाली बेडूक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मिस्त्रींच्या चहाला म्हणून मीच तो काल किटलीखाली ठेवला होता. सगळी बघत होती. माझ्याकडे, बेडकाकडे आणि किटलीकडे. पोराटोरांची चोरी पकडली की मी जसं बघते, तसं.

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "तू मुद्दाम...? तुला ही गॅलरी नको होती ना?"

आता काय सांगू? म्हटलं, "मनात होतं, पण हातात नव्हतं." आणि मला रडूच आलं. मग लगेच हसू आलं, कारण दुधाच्या पातेल्याखालचा दुसरा बेडूक दिसला.

मग काय विचारता! इस्त्रीखालचा आणला, कुंडीखालचा आणला. मुलानं स्वतःचा फोन आडवा पाडून पाचव्याचा हिशेब पुरा केला. "दोन बातमीपत्राकडे!" मी ओरडले. भिंगरी सतरा पायऱ्या तीन उड्यांत उतरली. बातमीपत्राच्या कुकरखाली एक आणि तिच्या नवऱ्याच्या रेडिओखाली दुसरा. नवरा म्हणाला, "बातम्या संपू दे." तिनं रेडिओ त्याच्या मांडीवर ठेवला आणि बेडूक आणला.

चोवीस झाले. मी मिस्त्रींसमोर हात जोडले. "चोर मी. तुमच्या माणसांना बोल लागला तो माझ्यामुळं."

मिस्त्रींनी मिशी ओढली. मग पिशवीतून थापी काढली. "काकू," ते म्हणाले, "त्या किटलीतला चहा मी काल दोनदा प्यायलो. समोर बेडूक दिसत होता. मला वाटलं, काय छान घडवंची केलीय कुणी." आणि असे हसले की मिशीतलं उरलेलं सिमेंटही पडलं.

बेडूक बसवले. साहेबांनी पाय ठेवला. हलेना. दुसरीकडे ठेवला. हलेना. मग ओतताना जाळीवर पाय पडू नये म्हणून फळ्यांची पायवाट करायला भिंगरीनं सांगितलं, आणि मिस्त्रींनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. जाळी उचलायचा आकडा त्यांनी स्वतःच कोपऱ्यात उभा करून ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

गरम पातेलं पुन्हा मासिकावर. गोल डाग.

३ मार्च, मंगळवार

मला नोकरी लागली! गॅलरीला पाणी घालायची. मला वाटायचं काँक्रीट वाळतं. भिंगरी म्हणाली, वाळतं नव्हे, पिकतं, आणि पिकायला पाणी लागतं. कडेनं सिमेंटची छोटी पाळ केलीय, आत पाणी साठवून ठेवायचं. दारातच बसून नळीनं सोडते. पाऊल टाकायचं नाही, अठ्ठावीस दिवस. कठडा नाही, पट्टी आडवी लावलीय.

भिंगरी रोज ऑफिसला जाताना विचारते, "आजी, पाणी?" मी म्हणते, "हजर." पण बोलताना पोरीचा आवाज अजून बारीक आहे. रात्री उठून टेकूंना हात लावून येते. पोटात काय आहे ते वरून दिसत नाही ना. मिस्त्रींना बोललेलं आता तिलाच छळतं.

काल थोडं पाणी खाली बातमीपत्राच्या डोक्यावर पडलं. बातमी ओली झाली.

२१ मार्च, शनिवार

आज टेकू निघाले. मुलगा दुकान बंद करून रस्त्यात उभा, तोंडात नख. साहेब आले नवीन चष्म्यात. (सरळ फ्रेम. मुलानं करून दिली.)

मिस्त्री खाली टेकूंपाशी थांबले आणि वर बघून म्हणाले, "बाळ, कुठून काढू?"

"बाहेरच्या टोकाकडून. मग आत आत."

"मधून नको?"

"मधले आधी काढले आणि टोकाला टेकू राहिला, तर ती दोन्हीकडून टेकल्यासारखी होईल. मग ताण खाली येईल, आणि खाली आपली सळई नाही."

मिस्त्री मान डोलावून कामाला लागले. नंतर हळूच मला म्हणाले, "बाहेरूनच काढतो मी नेहमी. पण विचारलं. इंजिनिअरला विचारायचं असतं." चाळीस वर्षांचा माणूस असं म्हणाला! मी लगेच त्यांना दोन कप चहा दिला. एका वेळी.

शेवटचा टेकू निघाला. गॅलरी होती तिथंच होती, जशी काही तिला कुणी सांगितलंच नाही की टेकू गेले.

पण पोरीचं समाधान नाही. उद्या परीक्षा. वजन ठेवून बघायचं.

२३ मार्च, सोमवार

काल गॅलरीत वीस-वीस लिटरचे पाण्याचे पंचेचाळीस कॅन ठेवले. नऊशे किलो! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. एकदम नाही, थोडे थोडे. खाली माणसांना फिरकू द्यायचं नाही म्हणून दोरी लावली. टोकाला एक काटा लावला होता, गॅलरी किती वाकते ते बघायला. दीड मिलिमीटर वाकली. भिंगरीनं पाच वेळा वाचलं. दिवसभर आणि रात्रभर वजन तसंच.

आज सकाळी कॅन उतरवले. काटा जवळजवळ होता तिथं परत आला! साहेब म्हणाले, "पास." मग भिंगरीला म्हणाले, "शाळेच्या इमारतीचं काम आहे पुढच्या महिन्यात. तुम्ही बघा." मुलगा चष्मा काढून पुसायला लागला. काच स्वच्छ होती, मी बघितलं.

वजन उतरल्यावर गॅलरी परत सरळ होते. माझी पाठ का होत नाही, ते भिंगरीला सांगता आलं नाही.

मग मिस्त्री म्हणाले, "आता आमची रीत. ज्यांनी बांधलं त्यांनी खाली बसून चहा प्यायचा. आपल्या डोक्यावर आपलं काम." ते बसले गॅलरीखाली. त्यांची माणसं बसली. भिंगरी बसली. वरून मी बघते आहे, आणि मिस्त्री मान वर करून ओरडले, "काकू, बेडूक तुम्हीच बसवायला दिलेत. तुम्हाला सुटका नाही!"

"त्यांना जिना उतरवत नाही हो," सूनबाई म्हणाली.

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "सूनबाई, तू पुढं हो. लेका, तू मागून धर. मी गॅलरी, तू सळई. आणि ताण आला तर सोडू नकोस." नववी पायरी आली तेव्हा डोळे मिटले. सूनबाई म्हणाली, "आई, झाली." मग दहावी. गुडघे असे कुरकुरत होते, जणू मिक्सर चालू आहे. पण सतरावी आली. रस्ता आला! दोन्ही न्हावी दुकानाबाहेर येऊन उभे. एक म्हणाला, "आजी, खिडकीतून एवढ्या बारीक दिसत नव्हतात तुम्ही."

गॅलरीखाली बसून चहा प्यायले. वर बघितलं. सपाट, करडी, थंडगार. तिच्या पोटात चोवीस बेडूक, त्यांतले सात माझ्या घरात राहून गेलेले. एकानं दुधाचं पातेलं उचललंय, एकानं बातम्या. ओझं वाहायची सवय लावूनच पाठवले मी त्यांना.

वर जायला पाऊण तास लागला. मधे नवव्या पायरीवर बसून बिस्किटं खाल्ली.

२९ मार्च, रविवार

कठडा लागला, फरशी लागली. माझी खाट परत खोलीत. सकाळी उठून बघते तर गॅलरीत माझी वेताची खुर्ची. उशी नवी. म्हटलं, सायकल यायच्या आत जरा बसून घ्यावं. बसले. कठड्याची वरची पट्टी बरोबर नजरेच्या खाली. पेन्सिलीच्या खुणेइतकी.

मला जरा कसंसंच झालं. बसल्या बसल्या समोर टेबलावर भिंगरीचा कागद दिसला, गॅलरीच्या चित्राचा. सगळा आकड्यांचा, मला काय कळणार? पण खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं तिच्या अक्षरात आपल्या भाषेत होतं. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

आजी – ५२ किलो.
खुर्ची – ६.
आजीशी गप्पा मारायला येणारे – ४ जण.
बातमीपत्र – वेगळं धरणे.

सायकल कुठंच नव्हती. मी कागद उलटा करून बघितला. मागंही नव्हती.

मी इतका वेळ त्या डोळ्याच्या वहीत काय काय लिहून ठेवलंय! खोडावं म्हटलं तर भिंगरी म्हणते, लिहिलेला आकडा खोडायचा नसतो, बाजूला बरोबर लिहायचा. म्हणून बाजूला लिहिते: सूनबाई चांगली आहे. मुलगासुद्धा.

मग मी भिंगरीला हाक मारली आणि सांगितलं, तुझा हिशेब चुकलाय. वजन केलं तेव्हा कमरेला किल्ल्या होत्या आणि ओच्यात दोन पेरू. मी बावन्न नाही, एक्कावन्नच.

"मग आजी, एक किलो शिल्लक राहिलं की!"

"आणि नऊशे पेललेत तिनं. ते काय कमी शिल्लक आहे?" मी म्हटलं, आणि आत ओरडून सांगितलं, "सूनबाई, टॉवेल काढ गं त्या सायकलीवरचे! आण इकडं माझ्या शेजारी. तू पाय हलव, मी तोंड हलवते."